चौथ्या पानावरचा मिक्सर

१२ सप्टेंबर. टोमॅटोचा चौथा तोडा झाला होता आणि मी शेडमध्ये माल निवडत बसले होते. लाल एका क्रेटमध्ये, कच्चट दुसऱ्यात, तडकलेले पायाजवळच्या घमेल्यात. संपादकांचा फोन आला तेव्हा दोन्ही हात चिकट होते, म्हणून स्पीकर लावून फोन उलट्या क्रेटवर ठेवला.

"ताई, कथा चांगली आहे. पण ती चौथ्या पानावर सुरू होते."

"मग पहिल्या तीन पानांत काय आहे?"

"ते तुम्हीच सांगा. मला नदी दिसली, आठवडी बाजार दिसला, दोन एसट्या येऊन गेलेल्या दिसल्या. माणूस काही दिसला नाही."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. उद्या संध्याकाळपर्यंत नवीन पहिलं पान पाठवलं, तर दिवाळी अंकात ही कथा सगळ्यांत आधी लावतो. वीसेक वर्षं मी लिहिते आहे. माझी कथा अंकात असते, पण कुठेतरी पाककृतींच्या जवळपास. सगळ्यांत आधी कधीच नव्हती.

नवरा टेम्पोत क्रेट चढवत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मी किती दिस सांगतोय तुला," तो म्हणाला. "तुला जायचं असतंय नारायणगावला, आन् तू आदी आळेफाट्याला जाऊन येतीस."

आमच्या पिंपळवंडीहून ही दोन गावं बरोबर उलट्या दिशांना आहेत. आणि तो म्हणत होता ते खरं होतं.

ही सवय मला कुठून लागली ते मला माहीत आहे. आमच्याकडे कामासाठी आलेला माणूस काम सांगत नाही. तो पाणी पितो, चहा घेतो, पाऊस आणि बाजारभाव बोलतो, तुमच्या म्हशीची चौकशी करतो आणि उठतो. चपला घालताना म्हणतो, "बरं, एक विचारायचं व्हतं." सगळं घर त्या एका वाक्यासाठी तासभर थांबलेलं असतं. आम्हाला तो तास जड जात नाही, कारण माणूस समोर बसलेला असतो. कागदावर मात्र तसं होत नाही. वाचणारा चहा घेत बसत नाही, पान उलटतो. हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि कळूनही माझी कथा चहापासूनच सुरू होते.

चौथ्या पानावर जे होतं, ते मात्र माझं नव्हतं. ते माझ्या मैत्रिणीचं होतं.

ही मैत्रीण जुन्नरची, शाळेपासूनची. ती आणि तिचा नवरा घरातच शिवणकाम करायचे. तो कापायचा, ती शिवायची. आठ वर्षांपूर्वी तो अचानक गेला. मातीच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी तिने मशीन उघडलं आणि गिऱ्हाइकाचा एक ब्लाउज शिवला. त्यात वावगं काही नव्हतं, पण बाहेर लोक भेटायला येत होते आणि आत मशीन वाजतंय, हे बरं दिसलं नसतं. म्हणून तिच्या नणंदेने मिक्सर लावला. मिक्सर चालू असेपर्यंत मशीन चालायचं. मिक्सर तापला म्हणून बंद केला की तिचा पाय थांबायचा.

पण एक गोष्ट दोघींच्या लक्षात आली नव्हती. माणूस गेल्यावर तीन दिवस त्यांच्या घरात चूल पेटत नाही, जेवण नातेवाइकांकडून येतं. शेजारीण दारातून म्हणालीच, "काय गं, सैपाक न्हाई आन् मिक्सर कसला?" नणंद हुशार. म्हणाली, "अम्मीला दात न्हाईत. खिचडी बारीक करतीय." आणि मग खरंच अम्मीला, म्हणजे मैत्रिणीच्या सासूला, दोन दिवस मिक्सरमधून काढलेली खिचडी खावी लागली.

हे मैत्रिणीनेच मला हसत हसत सांगितलं होतं आणि "लिही की" असंही म्हणाली होती. मी कथेत नावं बदलली, धर्म बदलला, गाव घोडेगाव केलं. मिक्सर ठेवला, कारण तो काढला तर कथाच उरत नव्हती.

शेवटचा क्रेट भरेपर्यंत मला पहिलं वाक्य सापडलं. "नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मशीनवर बसायच्या आधी नणंदेला मिक्सर लावायला सांगितलं." मी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. नवरा टेम्पोवरून म्हणाला, "आता कसं! पुढं काय झालं?" त्याने माझ्या कथेबद्दल असं पहिल्यांदाच विचारलं.

मी तीन पानं फाडली आणि मैत्रिणीला वाक्य ऐकवावं म्हणून दुपारी स्कूटी काढली. परवानगी मागायला जातेय असं काही डोक्यात नव्हतं. ती आधीच मिळाली होती, असं मी धरून चालले होते.

ती मशीनवरच होती. मी वाक्य वाचलं. ती हसली नाही. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे चौथ्या पानावर व्हतं ना?"

"होतं. आता पहिल्यावर आणलंय. अंकात सगळ्यांत आधी लागेल."

"अगं बाई," ती म्हणाली, "तुझी गोष्ट दरसाल माझी पोरगी अम्मीला वाचून दाखवती. अम्मी दुसऱ्या पानाला घोरायला लागत्यात. मी तुला लिही म्हनले ती काय उगाच?"

मला राग यायला हवा होता. हसू आलं. वीस वर्षं माझी सुरुवात निदान एका म्हातारीला झोप तरी लावत होती.

"का शिवलास गं तो ब्लाउज?" मी विचारलं. कथेत मी लिहिलं होतं की गिऱ्हाइकाचं लग्न तोंडावर आलं होतं म्हणून. आठ वर्षं मीही तेच समजत होते.

ती हातातला दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "खडू."

"कसला खडू?"

"त्यांनी कापून ठिवलेला व्हता तो. गळ्याच्या, टक्सच्या रेघा मारलेल्या खडूनं. घरात एवढी मान्सं, कापड हितून उचल, तितं ठिव. रेघा पुसल्या असत्या. मला परत मारता आल्या असत्या गं. पन मग त्या माझ्या झाल्या असत्या."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं; माझं सगळं लक्ष मिक्सरवर होतं. ते वाक्य तिच्यापुढे तीन पानांआड न लपता आलं, तेव्हा पुढचं तिने आपण होऊन सांगितलं. सुरुवातीचा असाही उपयोग असतो.

तेवढ्यात अम्मी भिंतीला धरून बाहेर आल्या. मला ओळखून माझ्याशेजारी टेकल्या.

"आली का बेटी? यंदा हाय ना तुझी गोष्ट पुस्तकात?"

"आहे, अम्मी."

"लिव, लिव. घरातलं लिवत जा. आता माझीच पोरगी बघ." ही तीच नणंद. ती आता मंचरला असते, वर्षातून दोनदा येते. "माझा पोरगा गेला ना, तवा मला घास उतरत नव्हता. तिनं काय केलं? खिचडी मिक्सरातून काडली आन् चमच्यानं भरवली मला, लहान पोरासारखी. बाहेर मान्सं बसलेली, लोक नावं ठिवत व्हती, तरी मिक्सर लावला. माझ्यासाठी. कोन करतंय एवढं?"

मैत्रिणीने मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं.

"कोन न्हाई करत, अम्मी," ती म्हणाली.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली आणि मी चपला घालत असताना म्हणाली, "छाप तू. पोरगीला सांगते, यंदा गोष्ट नको वाचू. अम्मी इचारतील, पन बगू काय सांगायचं ते. तुझं पयलं पान काय दरसाल येतंय का?"

तिने हे मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच ते ऐकणं अवघड गेलं.

घरी आल्यावर स्वयंपाक उरकला आणि लिहायला बसले. खडूपासून सुरुवात केली. तासाभरात पान झालं, एकही शब्द खोडावा लागला नाही. माझ्या हातून इतकं चांगलं पान आधी झालं नव्हतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यात मिक्सर सातव्या ओळीवर होता. तो कुठे हलवता येतो का, हे मी प्रामाणिकपणे पाहिलं. तिथे पंखा लावला, रेडिओ लावला, पिठाची गिरणी लावून पाहिली. कथा खोटी वाटायला लागली. मिक्सर परत जागेवर ठेवला.

म्हातारीजवळ मुलगा गेल्यानंतरच्या त्या दोन दिवसांतली एकच गोड गोष्ट उरली होती. ती माझ्या सातव्या ओळीत मोडत होती. अंक तिच्या घरी गेला नाही, तरी जुन्नरात तो घरोघर जातो आणि ती शेजारीण अजून शेजारीच राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी संपादकांना फोन केला. त्यांचा चहा व्हायचा होता.

"पान झालं का, ताई?"

"झालं. पण कथा मी परत घेतेय."

"अहो, तुमच्यासाठी पहिली जागा ठेवलीय! सुरुवात जमली नाही, तर मी बघतो काही."

"सुरुवात जमलीय, सर."

त्यांनी कुणाला तरी चहा ठेवून जायला सांगितलं. मग म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी देणार ना?"

ती कथा कधी देता येईल, ते मला माहीत होतं. पण ते तोंडाने म्हणायचं म्हणजे एका बाईचं मरण मोजत बसायचं.

"ते नाही सांगता येणार," मी म्हटलं. "तुम्ही दुसऱ्या कुणाची तरी लावा."