दहापर्यंत मोजायचं

सकाळी साडेअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई विचारत होत्या, "शैलाताईंच्या मोबाइलमध्ये तुमचं नाव 'पेशंट वहिनी' असं आहे. तुम्ही त्यांच्या कोण?" मी गोंधळले. "आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतात," एवढंच बोलले. मग त्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं... ड्यूटीवर पोचल्या पोचल्या शैलाताई हार्ट अटॅकनं कोसळल्या. दवाखान्यातच होत्या, सगळे धावले, पण हाती लागल्या नाहीत. दीड महिना झाला या गोष्टीला. मी त्यांची कोण, ते त्या बाईंना नीट सांगायला हवं होतं, असं अजून वाटतं.

शैलाताई लातूरकडच्या. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात वीस वर्षं नर्स होत्या. चऱ्होलीत आमच्याकडे सहा वर्षं राहिल्या, पण पहिली चार वर्षं आमचं बोलणं जिन्यापुरतंच. मला माणसांशी बोलायला जमत नाही. आमचे हे चाकणला कंपनीत, मुलगी सासरी. दिवसभर घरात मी आणि भांडी. एक दिवस त्याच खाली आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मला एक पेशंट पायजे. तुमी होता का?"

त्यांनी मोबाइलवरून नर्सिंगचा एक कोर्स घेतला होता. शिकवणाऱ्या बाई परदेशातल्या, आणि शिकणाऱ्या नर्सा कुठकुठल्या देशांतल्या. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाचला वर त्यांच्या खोलीत वर्ग भरायचा. माझा पोह्यांचा स्टीलचा डबा खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवून त्याला मोबाइल टेकवायचा आणि मी समोर कॉटवर आडवी. छोट्या छोट्या चौकोनांतून इतक्या बायका माझ्याकडे बघताहेत म्हटल्यावर मी पदर थेट नाकापर्यंत ओढला. शैलाताई हसून म्हणाल्या, "अहो, नाडी बघायची हाय, तोंड न्हाई! लाजायलात काय नव्या नवरीवानी?" चौकोनातली एक नर्स, डोक्याला पिवळंधमक फडकं बांधलेली, हात हलवून हसली. मीही पदराआडून हसले. मी चौथी शिकलेली. त्या वर्गातलं अक्षरही कळत नव्हतं, पण पाच वाजायची वाट बघायला लागले.

एकदा धडा होता पेशंटला दुखणं विचारायचा. ताईंनी विचारलं, "वहिनी, कुठं दुखायलंय का?" मी सवयीनं म्हणाले, "न्हाई, काय न्हाई." ताई लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. तेव्हा परदेशातल्या बाईंनी त्यांना थांबवलं. त्यांनी काय सांगितलं ते ताईंनी मला तिथंच मराठीत समजावलं. पेशंट पहिल्यांदा नाहीच म्हणतो. नर्स घाईत दिसते, म्हणून म्हणतो. तेव्हा हातातलं काम खाली ठेवायचं, खुर्चीत बसायचं, मनात दहापर्यंत मोजायचं आणि पुन्हा विचारायचं. "वीस वर्षं सुया टोचल्या," ताई म्हणाल्या, "आन् विचारायचं आता शिकायलेय बघा."

मग त्या खुर्चीत बसल्या. गप्प. मला ते गप्प बसणं सहन होईना. त्यांनी पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडघा दुखतोय... दोन वर्षं झाली." घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी थांबलंच नव्हतं तेवढं.

त्या दिवसापासून मी 'पेशंट वहिनी'.

शेवटच्या सकाळी ताई ड्यूटीला निघाल्या आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. एक हात जबड्याला लावलेला, कपाळावर घाम. मी दारातून विचारलं, "ताई, बरं न्हाई का?" त्या म्हणाल्या, "काय न्हाई वहिनी, ॲसिडिटी झालीय." गॅसवर दूध होतं. मी आत वळले. दूध उतरवून बाहेर आले तर त्या गेटबाहेर निघून गेल्या होत्या.

हे मी कुणालाच बोलले नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, तू काय डॉक्टर आहेस का? खरंच नाही. पण मला धडा माहीत होता ना... त्यांनीच शिकवलेला. मी तीनपर्यंतसुद्धा मोजलं नाही.

त्यांचा भाऊ येऊन सामान घेऊन गेला, मोबाइलही. त्या वर्गातल्या बायकांना कळलं की नाही कोण जाणे. पिवळ्या फडक्याची नर्स अजून ताईंच्या चौकोनाकडे बघत असेल.

कॉट आणि खुर्ची आमच्याच, त्या वरच आहेत. स्टुलावरचा डबा मी खाली आणला नाही. पोहे आता पातेल्यात ठेवते. खोली बघायला माणसं येतात. हे म्हणतात, देऊन टाकू. मी म्हणते, झाडून घेते आधी. मग वर जाते, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी. झाडू बाजूला ठेवते. खुर्चीत बसते. रिकाम्या कॉटकडे बघून विचारते, "ताई, बरं न्हाई का?" आणि दहापर्यंत मोजते... सावकाश.