जाड तार आणि पहिला केक

आमच्या ओव्हनची जोडणी मी स्वतः केली होती आणि केक फुगायला लागेपर्यंत ती उत्तम चालली.

ओव्हन सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा. नांदूरघाटात केक करून विकायचे असं तिनं ठरवलं होतं आणि गल्लीतल्या पार्वतीकाकूंनी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डरही दिली होती. पहिलीच ऑर्डर! जमली तर धंदा उभा राहणार, फसली तर ओव्हन माळ्यावर जाणार.

"अवो, ओव्हनला येगळी लाईन लागती म्हनं. वायरमनला बोलवा की," ती म्हणाली.

"कावून? रानातली मोटार कोन जोडतंय? मीच ना!"

ओव्हनची पिन जाड होती, मिक्सरच्या बोर्डात बसेना. मी ती छाटून बारकी लावली. एक हिरवी वायर उरली. (कंपनीनं जास्तीची दिली असावी, म्हणून टेप गुंडाळून टाकली!) ओव्हन सुरू केला आणि फ्यूज उडाला. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. रानातल्या डीपीवर फ्यूज उडाला की आम्ही हाताला लागेल ती तार घालतो. इथंही चांगली जाडजूड तार घातली. आता उडून दाखव म्हणावं!

केक फुगू लागला. मी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात आईनं त्याच बोर्डावर शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला.

"बाळू, कायतरी जळायलंय."

"केकचा वास हाय, आई."

"केकला पलास्टिकचा वास असतो का रं?"

वळून पाहतो तर बोर्ड वितळून ओट्यावर ठिबकत होता, भिंतीतून धूर निघत होता आणि फ्यूज मात्र ठणठणीत! उडायचं काम ज्याचं, त्यालाच मी पैलवान करून ठेवलं होतं, म्हणून भिंतीतली वायर जळाली. मी काठीनं मेन स्विच पाडला. घरभर लाईट गेली.

केक मधोमध खचला होता. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला खरोखर लाज वाटली.

"संध्याकाळी काकूकडं पावणे यायलेत," ती म्हणाली.

"मी काय करू सांग."

"तुमी? तुमी फकस्त फेटा. वायरला हात लावू नका!"

मिक्सर बंद, त्यामुळे दंड भरून येईपर्यंत मी दुसरं मिश्रण फेटलं. सुनंदानं कुकरात मीठ पसरलं, त्यावर भांडं ठेवलं आणि गॅसवर केक केला. लई झ्याक झाला! वाढदिवसाला पाहुण्यांनी ताटली पुसून खाल्ला आणि तिथल्या तिथं आणखी ऑर्डरी आल्या. धुराची बातमीही तोवर गल्लीभर झाली होती.

"केक तुझ्याच हातचा पायजे," काकू सुनंदाला म्हणाल्या, "पर त्या दिशी नवऱ्याला रानात धाडायचं."

बाकीच्या बायकांनीही तीच अट घातली. सुनंदानं ती आनंदानं मान्य केली. वायरमननं ओव्हनला वेगळी लाईन ओढून दिली, धंदा जोरात आहे, आणि आमच्या रानात आता तण औषधालासुद्धा सापडत नाही!