‘आताच का?’ आणि आमचे साडू

दिल्ली-मुंबईच्या संपादकांनी आजवर जितक्या लोकांना नकार दिला असेल, त्यांत आमच्या थोरल्या साडूंइतका खुशीत नकार घेणारा माणूस दुसरा नसेल. साडू भाटघरच्या पाण्याकाठी राहतात. उभी हयात ग्रामसेवक म्हणून काढली, त्यामुळे सगळा मुलूख त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणतो आणि मी ‘दाजी’. निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवळाच्या पारावर बसतात. यांना पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं, की मोठ्या इंग्रजी नियतकालिकांना कुणीही आपल्या भागातली गोष्ट कळवू शकतो, संपादकाला पटली तर तो लिहायला सांगतो. तेव्हापासून दर मंगळवारी ते एसटीनं नसरापूरला, माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात येतात. पिशवीत घरचे वाल माझ्यासाठी आणि खिशात गोष्ट दिल्लीसाठी.

त्यांचं इंग्रजी अर्जाचं आहे. वर ‘प्रति, माननीय संपादकसाहेब’, खाली विषय, मग संदर्भ, मग ‘सविनय सादर’ आणि शेवटी ‘सोबत : सरपंचांचा दाखला’. वेल्ह्याच्या डोंगरात एक धनगर नुसत्या खोकल्यावरून आपली शेळी ओळखतो, ही गोष्ट त्यांनी पाठवली, तेव्हा सदर इसम खरोखर अस्तित्वात असून त्याची वर्तणूक चांगली आहे, असा शिक्का मारलेला कागद मला स्कॅन करून जोडावा लागला. “दाजी, एवढं कुणी मागत नाही हो,” मी म्हणालो. “पाव्हणं, त्यो बसलाय दिल्लीत. त्येला काय ठावं, ह्यो गडी खरंच हाय का म्या घरी बसून रचलाय?” उत्तर आलं नाही तर ‘प्रकरण विचाराधीन’ आणि नकार आला तर त्याची छापील प्रत काढून आवक-जावक वहीत रीतसर नोंद. नोंद करताना त्यांचा चेहरा असा फुलतो, की बघणाऱ्याला वाटावं मंजुरीच आली.

या सगळ्यांत दिल्लीच्या एकच संपादकबाई उत्तर द्यायच्या, आणि त्या दर वेळी एकच विचारायच्या : आताच का? म्हणजे ही गोष्ट वाचकानं याच आठवड्यात का वाचावी. दाजींना हा प्रश्न फार साधा वाटायचा. त्यांनी कळवलं, कारण भात झोडून झालं आहे आणि माणसं बोलायला मोकळी आहेत. पुढच्या खेपेला कळवलं, कारण धनगराची तब्येत सध्या बरी आहे. खोटं एक अक्षर नव्हतं.

त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट किसनतात्यांची. भाटघरच्या पाण्यातून पलीकडच्या गावाला लाँच नेणारे तात्या धरणाखाली गेलेल्या वावरांच्या बांधांवरून वाट ठरवतात. कुठलं वावर कुठं, हे त्यांना बापानं सांगितलं, बापाला आज्यानं. डाव्या हाताला कुणाची ताल म्हणजे दगडी बांध, उजवीकडं कुणाचा आंबा होता, हे सांगत सांगत ते निळ्या पाण्यावरून नांगर धरल्यासारखी लाँच हाकतात. ही गोष्ट दाजींनी तीन वर्षांत सहा वेळा पाठवली. सातव्या वेळी टायपिंग चालू असताना सहज म्हणाले, “जरा उरका पाव्हणं. म्हैन्यानं पूल चालू झाला की लाँच बंदच व्हनार.”

माझे हात थांबले. “हे लिहिलं होतंत?”

“त्यात काय लिवायचं? समद्यांस्नी ठावं हाय की.”

कपाळावर हात मारून मी ते एक वाक्य घातलं. दोन दिवसांत होकार आला. आठशे शब्द, सोमवारपर्यंत, कारण पूल सुरू व्हायच्या आत छापायचं होतं. दाजींनी दुकानात सगळ्यांना चहा सांगितला आणि स्वतःचा प्यायला विसरले.

आणि इथंच त्यांचा जुना रिवाज आडवा आला. पंचनामा सहीआधी वाचून दाखवायचा, तसं ज्याची गोष्ट त्याला वाचून दाखवल्याशिवाय ते काही पाठवत नाहीत. शनिवारी लाँचमध्ये लेख वाचला. लाँच वळते तिथला बांध त्यांनी एका घराच्या नावे लिहिला होता. झालं, त्या घराची भावकी उठून उभी राहिली, की बांध आमचा. भर उन्हाळ्यातही जो उघडा पडत नाही, ज्यावर आज हयात असलेल्या कुणाचा पाय लागलेला नाही, अशा बांधावरून दोन घरं हमरीतुमरीवर आली. मी फोनवर विनवलं, दाजी, ते वाक्य काढा. “बांधांचीच गोष्ट हाय, आन् बांधच काढू व्हय?” सोमवार गेला. गुरुवारी तडजोड झाली, ‘बांध दोघांचा’ असं ठरलं आणि लेख गेला. बाईंनी सभ्यपणे कळवलं, की पान भरलं, आणि पूल सुरू झाल्यावर त्यात नवं काही राहणार नाही.

मला दाजींचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी वाईट वाटलं. दाजींनी कागद वहीला लावला, नोंद केली. या वेळी चेहरा मात्र फुलला नाही.

पूल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी लाँचच्या शेवटच्या फेरीला मी मुद्दाम गेलो. भांडलेली दोन्ही घरं आली होती. मधोमध आल्यावर तात्यांनी इंजिन बंद केलं. “भाऊसाहेब, आता वाचा.”

“हितं कशापायी?”

“हे तुमच्या आज्याचं वावर हाय. समद्यांची लिवली, तुमचंच ऱ्हायलं.”

इतक्या वर्षांत दाजी मला हे कधी बोलले नव्हते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “दुसऱ्याच्या गोष्टीत सोताचं घुसडू न्हाई, पाव्हणं.” मग वाचायला लागले. लाँच पाण्यावर हलत होती. वाचून झाल्यावर तात्या म्हणाले, “बराबर हाय.” मग भावकीतले म्हातारे म्हणाले, “बराबर हाय.” एकेक करून सगळी लाँच म्हणाली.

आता मंगळवारी दाजी पुलावरून एसटीनं येतात, गोष्टी चालूच आहेत. हे मी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांच्याच रिवाजानं परवा त्यांना वाचून दाखवलं. पानाखाली ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ असं लिहून त्यांनी सही केली. सही करताना हात थरथरत होता, पूर्वी थरथरत नसे. पेन खिशाला लावत त्यांनी विचारलं, “पर पाव्हणं, आताच का?”

मी वालांची पिशवी उचलून आत ठेवायला गेलो.