बुजवलेल्या दारातून

आधीच सांगते, भुतंखेतं, करणी, बाहेरची बाधा... यातलं मी काहीही मानत नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. इथे ग्रुपवर लोक चिंचेवरच्या हडळी आणि हायवेवरच्या पांढऱ्या साड्या लिहितात, ते वाचून पोट धरून हसलेय. त्यामुळे "मॅडम, भास झाला असेल" असं कोणी खाली लिहिणार असेल, तर लिहूच नका. ते माझ्या नवऱ्याचं म्हणून झालंय.

आमचं घर वसईत, गिरीजला. पुढे केळी, मागे नारळ, मध्ये सासऱ्यांनी बांधलेलं कौलारू घर. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असा सगळा मामला. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि माझे मोठे दीर. त्यांना अख्खी आळी भाऊ म्हणते. डायबिटीसने अकरा वर्षांपूर्वी भाऊंची नजर गेली, ती पारच गेली. पण त्या माणसाने कधी कोणाकडे ग्लासभर पाणी मागितलं नाही! भिंतीला हात लावायचे आणि घरभर फिरायचे. त्यांच्या खोलीतून एक दार थेट स्वयंपाकघरात उघडायचं. तिथून येऊन स्वतःचा चहा स्वतः करायचे, आणि माझ्याहून बरा करायचे.

गेल्या वर्षी आम्ही घर वाढवायला काढलं. स्वयंपाकघर मागे सात फूट न्यायचं, भाऊंच्या खोलीला लागून बाथरूम काढायचं — त्यांच्यासाठीच हो! — आणि ते मधलं दार बुजवायचं. म्हणजे किचनला एक अख्खी भिंत मिळते. भाऊंनी हॉलमधून वळसा घेऊन यायचं, त्यात काय एवढं? धूळ नको म्हणून त्यांना चार महिने भुईगावला नणंदेकडे पाठवलं.

काम संपलं. फादरनी येऊन खोलीखोलीत पवित्र पाणी शिंपडलं, घराला आशीर्वाद दिला. आल्यागेल्याला घर दाखवून माझे पाय मोडून आले. "फ्रिज हॉलमध्ये का गं?" असं प्रत्येकीने विचारलं. कारण इलेक्ट्रिशियन त्या नव्या भिंतीवर पॉइंट द्यायला येतो येतो म्हणत होता, अजून येतोय. त्याच दिवशी नणंदेने भाऊंना आणून सोडलं. नवऱ्याने त्यांना हाताला धरून नवं बाथरूम दाखवलं.

दोन दिवसांनी, सकाळी दहाचा सुमार. मी किचनच्या दारातच खुर्ची टाकून वाल सोलत बसले होते. आत जायला तेवढा एकच रस्ता, आणि तो मी अडवलेला. भाऊंच्या खोलीत रेडिओ चालू होता. तेवढ्यात पाठीमागे, किचनमध्ये, पेला वाजला. वळून बघते तर भाऊ ओट्याशी उभे, पाणी पितायत.

"भाऊ, तुम्ही कुठून आलात?"

"कुठून म्हणजे? खोलीतून."

आणि पेला विसळून, पालथा घालून, भाऊ भिंतीकडे वळले. माझ्या हातातली परात पडली. ती उचलून मान वर केली तर किचन रिकामं. खोलीत जाऊन बघते तर भाऊ खाटेवर बसलेले!

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "बीपीची गोळी घेतलीस का?" अस्सा राग आला! पुढच्या रविवारी त्याने स्वतः पाहिलं. भाऊंशी बोलून तो खोलीतून हॉलमध्ये आला, तर भाऊ किचनमध्ये साखरेचा डबा शोधत होते. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. आणि मला काय सांगतो? "कोणाला बोलू नकोस, लोक हसतील." म्हणजे बीपी माझं, आणि अब्रू याची!

मी भिंत इंचाइंचाने ठोकून पाहिली. विटा, प्लास्टर, वर टाइल्स, कुठे केसाएवढी चीर नाही. चंदनसारच्या कंत्राटदाराला फोन केला, तर चोराच्या उलट्या बोंबा. "मॅडम, माझ्या कामात भोक काढता?" मी म्हटलं, भोक असतं तर बरं झालं असतं रे बाबा.

असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी भाजी फोडणीला टाकत होते आणि कानाशी आवाज आला, "मीठ कमी टाक गं." माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, भीती नव्हती, संताप होता. एवढा खर्च, एवढी धूळ, चार महिने अंगणात चूल... आणि हे आपले येतायत भिंतीतून!

ओरडलेच मी. "अहो भाऊ, तिथे दार नाहीये! बुजवलंय आम्ही! भिंत आहे तिथे, भिंत!"

भाऊंनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "कधी?"

"तुम्ही भुईगावला होता तेव्हा."

"मला कोणी बोललं नाही."

खरंच कोणी बोललं नव्हतं. प्लॅन काढताना नाही, कारण आंधळ्या माणसाला प्लॅन काय दाखवायचा. नंतरही नाही. मला वाटलं नवऱ्याने सांगितलं, नवऱ्याला वाटलं मी. गावभराला घर दाखवलं, आणि जन्मापासून त्यात राहिलेल्या माणसाला तेवढं बाथरूम.

त्या दिवशी मीच त्यांना हाताला धरून हॉलमधून खोलीत पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाडकन आवाज झाला. भाऊ खोलीत त्या भिंतीशी बसलेले, कपाळातून रक्त. तीन टाके पडले. त्यानंतर ते खोलीबाहेर पडेनात. हॉलमधून हाताला धरून आणायचा प्रयत्न केला, दोन पावलांत घाबरायचे. खाटेवरून हाक यायची, "पाणी देतेस का गं?" अकरा वर्षांत न ऐकलेली ती हाक. पहिल्यांदा ऐकली तेव्हा नळाखाली तोंड धरून रडले मी.

आठवडाभरात भिंत फोडायला लावली. नवरा म्हणाला, वेड लागलंय. लागू दे! गवंड्याची अख्खी दुपार गेली, इतकी पक्की होती ती. त्या भिंतीतून माणूस कसा आला-गेला, हे विज्ञान शिकवलेल्या या बाईला आजही सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा, पण बीपीचं नाव काढू नका.

चौकट जुन्याच जागी बसवलीय, दाराला कडीसुद्धा ठेवली नाही. भाऊ परत चहा करतात. पण उंबऱ्याशी येऊन थांबतात, हात पुढे करून चाचपतात आणि विचारतात, "उघडं आहे ना गं?"

"आहे भाऊ, या."

मगच पाऊल टाकतात.