अक्काच्या पांढऱ्या कोंबड्या

आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात माणसं तीन: प्राणी शिकवणारे माने सर, वनस्पती शिकवणारी मी आणि लॅब सांभाळणारे नागप्पा अण्णा. मायक्रोस्कोप दोन, त्यातला एक कायम आजारी. किस्से मात्र भरपूर! 'नैसर्गिक निवड' हा धडा उघडला की ते आपोआप जमा होतात.

*

एकदा सरांनी ट्रेमध्ये काळी माती पसरून तीत पांढरी ज्वारी आणि काळे उडीद टाकले. "तुम्ही पाखरं. दिसेल तो दाणा पटापट उचलून खा!" पांढरे संपतील, काळे उरतील आणि उरलेल्यांचीच पुढची पिढी होईल, असा सरांचा बेत.

मुडबी गावच्या पोरींनी दोन्हींतले टपोरे दाणे निवडून बाजूला ठेवले. पोचट तेवढे मातीत.

"अगं, खा म्हटलं होतं ना?"

"चांगलं बी कामून खायचं, सर? पेरायला ठिवलाव की!"

सरांनी खडू खाली ठेवला. धडा निसर्गाच्या निवडीचा, पोरींनी करून दाखवली शेतकऱ्याची!

*

"निवडीत पैलवान जिंकत नाही. ज्याची जास्त पिल्लं जगतात, तो जिंकतो," सर सांगत होते. सर रोज जिमला जाणारे, वय छत्तीस, बिनलग्नाचे.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग सर, तुमचे मार्क शून्यच की!"

त्याच उन्हाळ्यात सरांनी लग्न उरकलं. वऱ्हाडात अख्खा वर्ग!

*

एका पोरीचे वडील तुरीवरच्या अळ्या डबीत घालून आले. "औषध तेच, फवारा तोच, तरी मरंनात."

"मरणाऱ्या मेल्या. औषध पचवणाऱ्या उरल्या, त्यांचीच ही लेकरं," सर म्हणाले.

वडिलांनी डबीचं झाकण घट्ट दाबलं. "म्हंजे इतकी वर्षं मी ह्यांची तालीम चालवायलोय व्हय!"

*

अण्णांचं घर ठाणाकुशनूरला. त्यांच्या बायकोला, अक्काला, आईनं माहेरहून पांढऱ्या कोंबड्या दिलेल्या; त्या घरच्या मातकट कळपात मिसळल्या. आई गेली, तशी अक्का त्या कोंबड्यांत आईला बघायची. पण काळ्या रानात पांढरं लांबून दिसतं. घारीनं एकेक उचलली, मातकट तेवढ्या उरल्या. सर दर वर्षी वर्ग नेऊन मोजदाद करायचे, वर धड्याला उदाहरण मिळालं म्हणून खूश व्हायचे!

शेवटची पांढरी गेली आणि अक्कानं आमचा चहा बंद केला. "तुमच्या पुस्तकातल्या घारीनंच नेली माझी कोंबडी!"

मला फार वाईट वाटलं. सर कागद घेऊन बसले. "अक्का, पांढऱ्याचं जनुक कळपात कमी झालंय, संपलं नाही. मातकट कोंबड्यांत ते झाकून असतं. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आलं की पिल्लू पांढरं."

"कागद नको. पिल्लू दाखवा."

अक्कानं खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली. सर रोज अण्णांना विचारायचे. अण्णा नुसते हसायचे.

दोनेक महिन्यांनी अक्का स्वतः लॅबमध्ये आली. टेबलावर टोपली ठेवून झाकण काढलं. नऊ पिल्लं, नऊच्या नऊ मातकट. सरांचा चेहरा पडला. "माफ करा, अक्का," ते हळूच म्हणाले.

अक्कानं एक पिल्लू उचललं, नळाखाली धरलं आणि अंगठ्यानं पंख चोळला. लाल पाणी गळालं. खाली लख्ख पांढरं पीस!

"पांढरं निघालं तेवढ्याला गेरू लावून ठिवलेय," अक्का म्हणाली. "आता निवड म्हणावं तुमच्या घारीला!"