थैलीतला बोजारा

अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं, त्याची आधीच माफी मागते. कोणी वाचणार नाही म्हणूनच लिहिते आहे, तरी माफी मागितलेली बरी. समोरासमोर मला बोलता येत नाही. कागद मधेच काही विचारत नाही, म्हणून त्याच्याशी जमतं.

इथे गोरखपूर मोहल्ल्यात आमच्या घरामागे माझी बकरी बांधलेली असते. उन्हाळ्यात मोकाट कुत्र्यांनी तिचा मागचा पाय फाडला. जनावरांवर फुकट इलाज करणाऱ्या एका संस्थेची गाडी येऊन तिला घेऊन गेली, आणि पाय भरल्यावर परत आणून सोडली. पैसे विचारले तर गाडीवरच्या पोरी म्हणाल्या, "रहने दो, आंटी." मला धड आभारही मानता आले नाहीत.

सदरला, छावणीच्या भागात, ज्या दीदींकडे मी स्वयंपाक करते, त्या ख्रिस्ती आहेत, मूळच्या अमरावतीच्या. पोळा होऊन महिना झाला असेल, तेव्हा त्या म्हणाल्या, "रविवारी आमच्या चर्चमध्ये जनावरांची प्रार्थना आहे. तुझी बकरी आण. त्या संस्थेचे लोकही येऊन राहिले."

"चर्चमध्ये बकरी?"

"काहून? आपल्याकडे पोळ्याला बैल मारुतीपुढे नेत नाहीत काय?"

हे मला पटलं. सगळं पोळ्यासारखंच असेल असं मी धरून चालले.

शनिवारी संध्याकाळी बकरीच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि माझे वडील बैलांना म्हणायचे तसं तिला म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." माझ्या मुलीला मराठी समजतं, बोलते मात्र हिंदी. ती हसत म्हणाली, "मम्मी, ये बैल थोड़ी है." सकाळी तिनेच बकरीच्या शिंगांना गेरू लावला.

ऑटोवाला म्हणाला, "बकरी का किराया अलग लगेगा."

"भैया, वो सीट पर नहीं बैठेगी," मुलगी म्हणाली. त्याने पैसे मागितले नाहीत, पण बकरीने सीटचा कोपरा चावल्यावर रस्ताभर बोलून दाखवलं.

चर्चच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. फौजी घरांतले दांडगे कुत्रे होते, पिंजऱ्यात पोपट होता, एका आजीबाईंनी काचेच्या बरणीत मासा आणला होता. गाणं सुरू झालं तसा कुत्र्यांनीही सूर लावला आणि कोणी त्यांना दटावलं नाही. फादर प्रत्येक जनावराच्या डोक्यावर हात ठेवत आले. माझी बकरी त्यांच्या झग्याची दोरी चघळू लागली. "इसको भूख लगी है," म्हणत त्यांनी हळूच दोरी सोडवली. मग संस्थेच्या पोरींना उभं करून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात. तेवढे आभार मला जमले.

नंतर फादरनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि एक म्हातारे काका लांब दांड्याची मखमली थैली घेऊन ओळींतून फिरू लागले. जो तो मूठ आत घालत होता आणि बाहेर काढत होता. आमच्याकडे पोळा फुटला की बैल दारोदार नेतात, आणि नेणाऱ्याच्या हातावर घरोघरी पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. मी समजले, जनावरं आणणाऱ्यांना हा बोजारा आहे. दीदी दुखऱ्या गुडघ्यांमुळे पुढच्या खुर्चीवर होत्या, मुलगी पोपटापाशी गेली होती. माझ्यासमोर थैली आली. मी हात घालून एक नोट काढली. पाचशेची निघाली. काका जरा थांबले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढे गेले.

येताना बकरीसाठी सरकीची ढेप घेतली, मुलीला चाट खाऊ घातली. उरले ते गॅसच्या टाकीत गेले.

दुसऱ्या दिवशी कणीक मळताना मी दीदींना म्हटलं, "तुमच्याकडे बोजारा चांगला देतात."

"कशाचा बोजारा?"

मी सांगितलं. दीदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "माय व! अगं, ती त्या संस्थेसाठी वर्गणी होती."

कणकेचे हात पुसत मी म्हटलं, "मी परत करते."

"चूप बस, मी टाकते पाचशे," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. दीदींना मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. पण ज्यांनी माझी बकरी चालती केली, त्यांचंच मी उचलून आणलं होतं. ते दुसऱ्याने भरून कसं चालेल? आणि मी चोर नाही, हेही मलाच सांगायला हवं होतं.

थैलीवाले काका दर रविवारी चर्चच्या गेटवर उभे असतात. दोनदा मी कोपऱ्यावरूनच परत फिरले. मग बकरीला सोबत नेलं. ती असली की लोक तिच्याकडे बघतात.

"वो पैसा," मी म्हटलं, "मैंने निकाल लिया था. मुझे लगा, जो जानवर लाता है उसको मिलता है."

"मैं समझा, आपको ज़रूरत होगी," काका म्हणाले. मग गालातल्या गालात हसले. "वैसे रिवाज अच्छा है आपका."

बकरीचं दूध विकून आलेल्या पैशांतले शंभर मी पुढे केले. त्यांनी हातात घेतले नाहीत. आत जाऊन थैली आणली आणि त्या दिवशीसारखी माझ्यासमोर धरली.

त्यानंतर दर महिन्याला मी शंभर नेत गेले. काका थैली आणायचे, बकरीला विचारायचे, "आज किसका कपड़ा खाओगी?"

या रविवारी शेवटचे शंभर टाकले. मूठ बाहेर काढून उघडली आणि त्यांना रिकामा हात दाखवला.

"बराबर," काका म्हणाले. पाचशे पूर्ण फिटले.