दहा किलोमीटरवर थांब, परत आवळ

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साचतात. गाडीचं चाक काढायला एक माणूस बसला की बाकीचे नऊ जण रिकामे होतात. रिकामा माणूस गप्प बसत नाही. तो सल्ला देतो, नाहीतर मागच्या वेळी काय झालं होतं ते सांगतो. माझं निम्मं आयुष्य असल्या नऊ जणांच्या गराड्यात उकिडवं बसून गेलंय. त्यामुळं माझ्याकडं दुसरं काही नसलं तरी किस्से आहेत.

कारेगावला आप्पांच्या यार्डात मी फिटर होतो. चार बस, दोन जीप. दौंड, पाटस, निमोणे, शिरूर इथून कामगार उचलायचे आणि कंपनीच्या गेटवर सोडायचे. एमआयडीसी तेव्हा नवी नवी होती. आप्पा म्हणजे मालक. आधी ते स्वतः उसाचा ट्रक चालवायचे. आता पांढरा लेंगा, पांढरा सदरा, आणि आवाज असा की गाडीला हॉर्न नसता तरी चाललं असतं.

पंधरा वर्षं मी एकच वाक्य बोललो. "चाक बसवलं की दहा किलोमीटरवर थांब, परत आवळ." नवं बसवलेलं चाक थोडं पळालं की जागा धरतं, आणि नट ढिले पडतात. एवढंच! हे समजायला कॉलेज लागत नाही. पण एक जण थांबला असेल तर शपथ.

*

रशीदभाई आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. शांत माणूस, तोंडात कायम बडीशेप. एकदा जीपचं पुढचं चाक मी बदलून दिलं आणि माझं वाक्य म्हटलं. "व्हय मामा," म्हणाला आणि नऊ माणसं घेऊन दौंडच्या रस्त्याला लागला.

न्हावऱ्याच्या पुढं एक चाक जीपच्या शेजारून पळत पुढं गेलं. रशीदभाई मागं वळून म्हणतो, "बघा, कुणाचं तरी चाक निसटलं वाटतं!"

आणि जीप बसली. नशीब, वेग नव्हता, रस्त्याकडंची माती मऊ होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चाक मात्र उसात शिरलं. नऊ जणांनी तासभर ऊस धुंडाळला.

मी पोचलो तो चिडूनच. "पाना कुठाय?"

"सीटखाली."

"मग थांबून आवळलं का न्हाईस?"

"मामा, तुम्हीच म्हणला हुता, पाना हरवू नको. म्हून मी त्यो भाईर काढतच न्हाई!"

संध्याकाळी आप्पांनी मला समोर उभं केलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हळू बोलले. "मधू, गाडीत माणसं असत्यात. नट तू आवळतो. परत चाक निसटलं, तर तू घरी."

घरी म्हणजे निमोण्याला. तिथं माझी जमीन नाही, दोन पोरी शाळेत, आणि नट आवळण्याशिवाय मला काही येत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक चाकाला हात लावताना ते 'घरी' माझ्या मानेवर बसलेलं असायचं.

*

बबन ड्रायव्हरला मी शंभर वेळा सांगितलं असेल. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट थोडे ढिले करायचे, मग जॅक लावायचा. उचललेल्या चाकाचे नट सोडायला गेलास तर नट सुटत नाही, चाक फिरतं.

बबननं पाटसजवळ आधी जॅक लावला. पाना फिरवला तसं चाकपण फिरलं. मग त्यानं तीन कामगारांना चाक धरायला बसवलं. तरी फिरतंय. सहा बसवले. वरून गाडी डुलतेय, खालून सहा जण चाकाला मिठी मारून बसलेत! पाटसच्या कारखान्याकडं निघालेला एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्यानं जॅक उतरवला, नट ढिले केले आणि काही न बोलता निघून गेला. देवमाणूस.

कंपनीत उशीर झाला की गेटवर कारण लिहून द्यावं लागायचं. त्या दिवशी सहा अर्ज एकाखाली एक गेले. "कारण: चाक धरले होते."

कंपनीच्या साहेबांनी आप्पांना फोन केला. "हे सहा जण मिळून आमची चेष्टा करतायत का?"

*

आमच्याकडं एक जुनी जीप होती, लष्कराच्या लिलावातली. तिच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे. म्हणजे सगळं जग ज्या बाजूला फिरवून सोडतं, तिकडं फिरवलं की हे नट अजून आवळतात. हेही मी बबनला सांगितलं होतं. कुणाला काय सांगितलं नव्हतं मी?

डावं चाक पंक्चर झालं. बबननं पाना लावला, पान्याला पाइप घातला, पाइपावर दोन जण उभे केले आणि त्यांना उड्या मारायला लावल्या. अर्ध्या तासानं 'टाण्' असा आवाज आला. बबन खूश. "सुटला!"

सुटला नव्हता, बोल्ट तुटला होता.

त्याला तिथंच बसवून मी परत सगळं समजावलं. ह्या जीपचं उलटं असतं, उलटं. म्हणून दाखव. त्यानं म्हणून दाखवलं.

पुढच्या महिन्यात त्याच जीपचं उजवं चाक. उजवीकडचे आटे साधेच. परत पाइप, परत दोन जण, परत 'टाण्'.

"अरे बबन!"

"मामा, तुम्हीच म्हणला न्हवं, ह्या जीपचं उलटं असतंया!"

मी जाऊन टाकीजवळ तोंड धुतलं.

*

खंडेनवमीला आप्पांचा नियम कडक. सगळी हत्यारं धुऊन, पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्यापर्यंत एकालाही हात लावायचा नाही.

बरोबर त्याच दुपारी एका बसचं चाक पंक्चर झालं. पन्नास माणसं सेकंड शिफ्टला निघालेली. पाने ओळीनं झेंडूखाली मांडलेले. मी आप्पांकडं बघतोय, आप्पा पान्यांकडं बघतायत.

"शेजारच्या यार्डातला आणा," आप्पा म्हणाले.

शेजारच्या यार्डातलाही पूजेला बसलेला. त्याच्या शेजारचाही. अख्ख्या रस्त्याला एक पाना कामावर नव्हता! बसमधून लोक ओरडायला लागले. आप्पांचा चेहरा लाल. देवाला दुखवावं का कंपनीला, हे काही त्यांचं ठरेना.

तेवढ्यात रशीदभाई बडीशेप चघळत आला. "आप्पा, माझा पाना सीटखालीच हाय. पूजेला बी काढला न्हाई."

आप्पांनी त्याला मिठी मारली हो! चाक बसलं, बस गेली. मग आप्पांनी त्या पान्यालाही हळदकुंकू लावलं आणि रशीदभाईला म्हणाले, "आता ह्यालापण उद्यापर्यंत हात लावू नको."

"मी कवा लावतो?" रशीदभाई म्हणाला.

*

मग कंपनीतून एक सेफ्टीवाला इंजिनिअर आला. चांगला मुलगा, अदबीनं बोलणारा. त्यानं एक नवा पाना आणला होता. ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की तो 'टक्' असा वाजतो. वाजला की थांबायचं. त्यानं हेही सांगितलं, की नट ओळीनं आवळू नका, एक झाला की समोरचा, म्हणजे चाक सरळ बसतं. मी म्हटलं, साहेब, तुमच्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं.

बबनला पाना दिला. 'टक्'. तो थांबेना. 'टक्'. 'टक्'. 'टक्'.

इंजिनिअर घाबरला. "अहो, वाजलं की थांबायचं!"

"साहेब," बबन म्हणाला, "एकदा वाजल्याव खात्री कशी धरायची?"

सगळे हसले. मीपण हसलो, पण हात खाली करताना कळ आली. खांद्याचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. आणि तो वाजणारा पाना इंजिनिअर परत घेऊन गेला.

*

आता शेवटचं.

माझा उजवा खांदा गेला. एकदम नाही, हळूहळू. आधी डबा उचलताना, मग सदरा घालताना. शिरूरच्या डॉक्टरनं सांगितलं, जोराचं काम बंद. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. सांगतो कुणाला? नट आवळणाऱ्याच्या हातात जोर नाही, हे कळल्यावर आप्पा मला ठेवणार कशाला? आणि खरं सांगू, भीती नोकरीचीच नव्हती. पन्नास माणसं असायची बसमध्ये. रात्री जेवण जायचं नाही.

मी पान्याला लांब पाइप घालायचो, पायानं दाबायचो, डाव्या हातानं ओढायचो. संध्याकाळी सगळं आवळून घरी जायचो आणि सकाळी गाड्या सुटायच्या आधी येऊन परत एकेक नट तपासायचो. तर काय, नट घट्ट! असे घट्ट, की माझा पाना हलत नाही. मला वाटलं, खांदा बरा झाला. बायकोला म्हटलंसुद्धा, "तुझ्या तेलानं गुण आला बघ."

पण सकाळी सदरा घालताना कळ तीच. मग हे नट आवळतंय कोण?

एके दिवशी संध्याकाळी दौंडच्या बसचं चाक आवळलं आणि प्रत्येक नटावरून चाकापर्यंत खडूची एकेक रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटणार. सकाळी बघतो, तर सगळ्या रेघा तुटलेल्या.

कुणीतरी माझ्या मागं माझं काम तपासत होतं. म्हणजे कुणाला तरी माहीत होतं. आज ना उद्या ते आप्पांच्या कानावर जाणारच. बबन असेल? रशीदभाई असेल? दोघांच्याही तोंडाकडं मी दिवसभर बघत राहिलो. काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी यार्डात हजर. गेट उघडं होतं. बसच्या मागच्या चाकापाशी कुणीतरी जमिनीवर फतकल मारून बसलं होतं, पान्याला माझाच पाइप घातलेला. पांढरा लेंगा ग्रीसनं बरबटलेला. एक नट झाला की धापा टाकत थांबायचं, मग समोरचा नट.

मी तिथंच उभा राहिलो. खोकलोसुद्धा नाही. पण आप्पांनी मान वळवली.

मग आप्पा ओरडले, नेहमीसारखे, अख्ख्या कारेगावाला ऐकू जाईल असे.

"बघतो काय? किती आवळतो रं तू! ड्रायव्हर लोकं बोंबलत्यात, नट सुटत न्हाईत म्हून. ढिलं करतोय मी!"

आणि पाना लावून त्यांनी पुढचा नट दोन्ही हातांनी करकचून आवळला.

"बरं आप्पा," मी म्हटलं.